चायना ग्रास विकतो, पण ते आहे काय?

रमजान जवळ आला की मोमिनपुऱ्यातील किराणा दुकानांत शेवया, खजूर आणि सुक्या मेव्याच्या शेजारी एक पांढरी, हलकी, वाळलेली जुडी दिसू लागते. काही ठिकाणी तीच वस्तू भुकटीच्या पाकिटात मिळते. दुधात उकळून, साखर-वेलची घालून थाळीत ओतली की तिची थंडगार वडी पडते. इफ्तारच्या दस्तरख्वानावर ही वडी अनेक घरांत असते. फालुद्यात, पुडिंगमध्ये, लग्नाच्या दावतीतील गोड पदार्थांतही ती असते. या वस्तूला आपण सारे ‘चायना ग्रास’ म्हणतो. मात्र हा माल कशापासून होतो, असे दुकानदाराला विचारले तर बहुधा एकच उत्तर येते, ‘चीनमधले गवत असेल.’

वाचकबंधूंनो, हे गवत नाही आणि ते चीनमधूनच येते असेही नाही. हे समुद्री शेवाळाचे सत्त्व आहे. त्याचे बाजारातील खरे नाव ‘अगर’. कापड व्यापारात तर ‘चायना ग्रास’ म्हणजे रॅमी नावाच्या झाडाचा धागा. त्याचा या खाण्याच्या वस्तूशी काही संबंध नाही. म्हणजे एकाच नावाने आपण दोन वेगळ्या वस्तू ओळखतो आणि दोन्हींचे मूळ नीट जाणत नाही. यात नुकसान काय, असे कोणी म्हणेल. नुकसान दोन प्रकारचे आहे. एक पैशाचे, दुसरे विश्वासाचे. दुसरे अधिक मोठे, कारण अगरच्या शेजारच्याच बरणीत जिलेटिन असते. ते जनावरांच्या हाडांपासून व कातडीपासून होते आणि जगात त्याचा मोठा भाग डुकराच्या कातडीपासून तयार होतो. दोन्हींची भुकटी फिकट असते आणि दोन्हींची जेली होते. ज्या दुकानदाराला अगरची जात माहीत नाही, तो गिऱ्हाईकाला खात्रीने काय सांगणार?

नागपूरला समुद्र नाही. जवळच्या किनाऱ्यापर्यंत शेकडो मैलांचा प्रवास आहे. तरीही समुद्री शेवाळ आपल्या शहरात किमान चार वाटांनी येते. चायना ग्रास ही पहिली. आइस्क्रीम, फ्लेव्हर्ड दूध आणि काही जेलींत घातले जाणारे कॅराजीनन ही दुसरी. कापडावर छपाई करणारे आपले कारागीर रंगात मिसळतात ते सोडियम अल्जिनेट ही तिसरी. संत्रा आणि कपाशीच्या पिकावर फवारला जाणारा समुद्री शेवाळाचा अर्क ही चौथी. या चारही मालांचे व्यवहार आपल्या बांधवांच्या हातून होतात. तेव्हा त्यांचे कूळ आणि गाव समजून घेणे हे धंद्याचेच काम आहे.

तीन रंग, वेगवेगळी घराणी

समुद्री शेवाळाचे तांबडे, तपकिरी आणि हिरवे असे तीन गट आहेत. हा भेद केवळ रंगाचा नाही, कुळाचा आहे. शास्त्रज्ञ सांगतात की अतिप्राचीन काळी एका पेशीने सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारा एक सूक्ष्म जीव गिळला. तो पचला नाही; आतच राहून त्या पेशीसाठी अन्न बनवू लागला. त्या एका घटनेतून पुढे हिरवी आणि तांबडी अशा दोन शाखा फुटल्या. जमिनीवरचे गवत, गहू, संत्र्याचे झाड हे सारे हिरव्या शाखेचे वंशज. तपकिरी शेवाळाचे घराणे मात्र मुळातच निराळे. त्याच्या पूर्वजाने बऱ्याच नंतर एक तांबडे शेवाळच गिळले आणि त्याच्याकडून अन्न तयार करण्याची सोय मिळवली. म्हणून समुद्रातील लांबच लांब तपकिरी पट्टे झाडासारखे दिसले तरी झाडांशी त्यांचे नाते फार दूरचे आहे.

व्यापाऱ्याला याचा उपयोग असा की घराणे वेगळे म्हणून पेशीची भिंत वेगळी, आणि भिंत वेगळी म्हणून तिच्यातून निघणारा डिंक वेगळा. लाटांचे तडाखे सोसताना वाकावे पण मोडू नये आणि ओहोटीच्या वेळी उन्हात वाळून जाऊ नये, यासाठी शेवाळाच्या अंगात हा लवचीक, पाणी धरून ठेवणारा पदार्थ असतो. तांबड्या शेवाळातून अगर आणि कॅराजीनन निघते, तपकिरी शेवाळातून अल्जिनेट. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. ‘सगळी शेवाळाचीच पावडर’ म्हणून एकाच्या भावात दुसरे विकणारा दलाल भेटला, तर त्याला सलाम करून पुढे जावे.

चित्रकूटचे दगड आणि अझमी साहेबांचे नाव

या तांबड्या घराण्याच्या इतिहासाशी आपल्या मध्य भारताचा आणि एका मुस्लिम शास्त्रज्ञाचा संबंध आहे, हे आपल्या समाजात फार थोड्यांना ठाऊक असेल. जबलपूर-सतनाच्या पुढे चित्रकूटचा परिसर लागतो. तेथील विंध्य खडकांत डेहराडूनच्या वाडिया संस्थेतील भूशास्त्रज्ञ रफत जमाल अझमी यांना बारीक जीवाश्म सापडले. 1998 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि त्यांचे वय सुमारे 54 कोटी वर्षांच्या आसपास धरले. इतर पुराव्यांवरून हे खडक त्याहून कितीतरी जुने मानले जात होते. त्यामुळे मोठा वाद उठला. जीवाश्मांच्या खरेपणावरही शंका घेतली गेली.

पुढे स्वीडनचे स्टेफान बेंग्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जागेचे दगड पुन्हा तपासले. 2009 मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : जीवाश्म खरे आहेत, पण खडक सुमारे 160 कोटी वर्षांचे आहेत. 2017 मध्ये त्यांतील एका धाग्यासारख्या जीवाला त्यांनी ‘रफतअझमिया चित्रकूटेन्सिस’ असे नाव दिले. अझमी साहेबांच्या आणि चित्रकूटच्या सन्मानार्थ. हे तांबडे शेवाळ असावे, असे या संशोधकांचे मत आहे. सर्वच तज्ज्ञांना ते मान्य नाही. निर्विवाद मानले जाणारे सर्वांत जुने तांबडे शेवाळ उत्तर कॅनडाच्या खडकांतील, सुमारे 105 कोटी वर्षांचे आहे. पण चित्रकूटचा दावा टिकला तर या घराण्याचा सर्वांत जुना ठसा नागपूरपासून एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर आहे असे म्हणावे लागेल. अल्लाहच्या कुदरतीचे असे दाखले पायाखाली पडलेले असतात.

या प्रकरणातून आपल्याला धंद्याचाही एक धडा आहे. अझमी साहेबांचा माल खरा होता, त्यावरची तारखेची चिठ्ठी चुकली होती. पुन्हा तपासणी झाली, चिठ्ठी दुरुस्त झाली आणि मालाची किंमत उलट वाढली. चायना ग्रासचेही असेच आहे. माल चांगला, चिठ्ठी चुकीची. ती दुरुस्त करण्यात कमीपणा कसला?

कोणत्या समुद्रात काय उगवते

शेवाळाला बी नसते आणि जमिनीतून अन्न शोषणारे मूळही नसते. त्याचे बीजाणू फार काळ तरंगत नाहीत, बहुधा जवळच्याच दगडावर बसतात. त्याला टेकायला खडक लागतो, उजेड लागतो आणि पाण्याचे ठराविक तापमान लागते. खोल समुद्र, गाळाचे किनारे आणि मोठ्या नद्यांची मुखे ही त्याच्या वाटेतील भिंत ठरतात. हवेच्या फुग्यांवर तरंगणारे सरगॅसमसारखे काही प्रकार दूरवर जातात. बाकीचे आपापल्या समुद्रात राहतात. म्हणून जगाच्या नकाशावर प्रत्येक जातीचा मुलूख ठरलेला आहे, आणि त्या मुलखाप्रमाणे आपल्या मालाचा भाव ठरतो.

थंड समुद्रांत केल्प नावाचे मोठे तपकिरी शेवाळ उगवते. नॉर्वे, स्कॉटलंड, चिली, जपान, उत्तर चीन हा त्याचा मुलूख. छपाईचे अल्जिनेट मुख्यतः तिकडच्या मालापासून होते. आपल्या देशात केल्प नाही; तमिळनाडू आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील सरगॅसम व टर्बिनेरिया यांपासून देशी अल्जिनेट निघते. उबदार-समशीतोष्ण समुद्रांत जेलिडियम हे अगरचे उत्तम शेवाळ मिळते. मोरोक्को हा त्याचा मोठा पुरवठादार. तिकडे कच्च्या मालाच्या निर्यातीवर बंधने आली आणि 2015 मध्ये जगभर प्रयोगशाळांना लागणाऱ्या अगरची टंचाई झाली. कारण जंतू वाढवण्याच्या तबकड्यांतही हेच अगर असते. खाण्याचे बरेचसे अगर ग्रॅसिलेरिया या दुसऱ्या तांबड्या शेवाळापासून होते आणि इंडोनेशिया, चीन, चिली येथे त्याची लागवड होते.

कॅराजीननचे शेवाळ पूर्वी आयर्लंडच्या थंड किनाऱ्यावरून येई. गेल्या पन्नास वर्षांत ते चित्र पालटले. फिलिपाइन्सच्या उष्ण, उथळ पाण्यात कप्पाफायकस या शेवाळाची दोऱ्यांवर शेती सुरू झाली आणि मग इंडोनेशियाने त्यात आघाडी घेतली. 2019 मध्ये जगात शेवाळाचे सुमारे साडेतीन कोटी टन ओले उत्पादन झाले. जवळजवळ सारे लागवडीतून आले. त्यांतील निम्म्याहून अधिक चीनचे आणि त्याखालोखाल इंडोनेशियाचे. भारताचा वाटा एक टक्काही नाही.

टांझानियाच्या झांझिबार बेटाची हकीकत आपल्या कारागीर बंधूंनी विशेष लक्षात ठेवावी. तेथील वस्ती बहुसंख्य मुस्लिम. 1989 च्या सुमारास फिलिपाइन्सहून आणलेल्या शेवाळाची शेती तेथे सुरू झाली आणि ती मुख्यतः स्त्रियांनी उचलली. ओहोटीला उथळ पाण्यात खुंट्या ठोकून, दोऱ्या बांधून त्यांनी घरसंसार चालवले. पण पुढे पाणी तापू लागले. चांगला भाव देणारी जात मरू लागली आणि हाती राहिली ती स्वस्त जात. वाळवलेला कच्चा माल विकणाऱ्या हाताला सर्वांत कमी मिळते, हे त्या भगिनींना कळले. मग त्यांच्यातील काहींनी शेवाळाची भुकटी आणि साबण करून विकायला सुरुवात केली. मागावर बसून दुसऱ्याच्या सुताचे, दुसऱ्याच्या भावाने कापड विणणाऱ्या आपल्या मोमिन बांधवांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आपल्या देशात अगरचे शेवाळ मुख्यतः मन्नारच्या आखातातून, तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातून येते. तेथील कोळी स्त्रिया बोटांना चिंध्या गुंडाळून खडकांवरचे शेवाळ पाण्यात बुडी मारून खुडतात. 1986 मध्ये तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले आणि बेटांभोवतीच्या खुडणीवर बंधने आली. आपल्या कोकणच्या खडकांवरही शेवाळ आहे. पण पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रात दोऱ्यांची शेती टिकणे अवघड. प्रत्येक किनाऱ्याचा स्वभाव वेगळा असतो तो असा.

उन्हाळ्याची कसोटी

आता दुकानातल्या कामाचे. अगर उकळत्या पाण्यातच विरघळते आणि एकदा गोठले की पुन्हा वितळायला सुमारे 85 अंशांची उष्णता मागते. जिलेटिन कोमट पाण्यात विरघळते, गोठायला थंडावा लागतो आणि 30-35 अंशांत ते पाघळते. 1881 मध्ये जर्मनीत फॅनी हेसे या गृहिणीने हाच फरक शास्त्रज्ञांच्या नजरेस आणला. तिचे पती प्रयोगशाळेत जिलेटिनवर जंतू वाढवत आणि उन्हाळ्यात ते पाघळून जाई. स्वयंपाकघरातील अगर वापरून पाहा, असे तिने सुचवले. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिच्या घरी अगर माहीत झाले होते. रॉबर्ट कॉक यांच्या प्रयोगशाळेने ते स्वीकारले आणि ते आजवर चालू आहे. एका गृहिणीची समज साऱ्या जगाच्या कामी आली.

नागपूरच्या मे महिन्यात याहून सोपी कसोटी कोणती? गोठवलेला तुकडा सावलीत बाहेर ठेवा. अगरची वडी पाणी सोडेल, आक्रसेल, पण उभी राहील; जिलेटिनची वडी थाळीत पसरेल. दुसरी खूण कापडवाल्यांच्या सवयीची आहे. लोकर आणि सूत ओळखायला आपण धागा जाळून वास घेतो. जिलेटिन हे जनावरांपासूनचे प्रथिन असल्यामुळे जाळले की जळक्या केसांचा वास येतो. अगरला तसा येत नाही. मात्र दोन्हींचे मिश्रण असेल तर या खुणा फसवतात. तयार जेलीच्या पाकिटावर घटकांची यादीच वाचली पाहिजे. तेथे 406 म्हणजे अगर, 407 म्हणजे कॅराजीनन, 401 म्हणजे सोडियम अल्जिनेट. जिलेटिन असलेल्या खाद्यपदार्थावर कायद्याने मांसाहाराची तपकिरी खूण हवी.

छपाईच्या कारागिरांसाठीही एक गोष्ट. सुती कापडावरच्या रिॲक्टिव्ह रंगात साधी पिठाची खळ चालत नाही, कारण रंग कापडाऐवजी खळीलाच धरतो आणि छाप फिकी पडते. अल्जिनेट रंगाला धरत नाही, धुतल्यावर निघून जाते. पण त्याला चुन्याचे वावडे आहे. बोअरच्या जड पाण्यात कालवले तर पेस्टमध्ये गाठी होतात आणि जाळी बुजते. दोष मालाला दिला जातो, असतो पाण्याचा. मऊ पाणी वापरावे किंवा पाणी मऊ करणारे द्रव्य मिसळावे आणि पेस्ट लागेल तेवढीच करावी.

आपण काय करावे

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. त्या व्यापाऱ्याने पाऊस पडल्याचे कारण सांगितले होते. ते खरेच असेल. तरी ओले धान्य वर ठेवून गिऱ्हाईकाला दिसू देणे त्याचे कर्तव्य होते. आपल्याला माहीत नव्हते, ही सबबही आता त्याच मापाने मोजली जाईल. जिलेटिन कोणत्या परिस्थितीत जायज आणि कोणत्या नाही, हा प्रश्न उलेमांचा. त्यांच्यात मतभेदही आहेत. आपले काम इतकेच की बरणीत काय आहे ते गिऱ्हाईकाला खरे सांगावे आणि निर्णय त्याच्यावर सोडावा.

यासाठी आमच्या काही सूचना आहेत. एक, सुटा माल विकणाऱ्यांनी बरणीवर ‘चायना ग्रास (अगर, समुद्री शेवाळापासून)’ अशी चिठ्ठी लावावी आणि जिलेटिन वेगळ्या फळीवर, त्याच्या नावाने ठेवावे. दोन, ठोक व्यापाऱ्याकडून पक्के बिल घ्यावे. त्यावर वस्तूचे खरे नाव आणि कारखान्याचे नाव मागावे. तीन, मोमिनपुरा, ताजबाग, कामठी येथील छोट्या दुकानदारांनी रमजानच्या दोन महिने आधी एकत्र खरेदी करावी. ऐन वेळी वाढलेल्या भावाने घेतलेला माल ना दुकानदाराला परवडतो ना गरीब रोजेदाराला. चार, मिठाई व आइस्क्रीम करणाऱ्या बांधवांनी जिलेटिनऐवजी अगर किंवा कॅराजीनन वापरून पाहावे आणि तसे अभिमानाने फलकावर लिहावे. त्यात शाकाहारी गिऱ्हाईकही आपलेच होते.

आणि एक इशारा. 2020 मध्ये केंद्र सरकारने मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी 640 कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली आणि 2025 पर्यंत 11 लाख टनांहून अधिक उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवले. अशा घोषणा झाल्या की एजंट फिरू लागतात. विदर्भात टाकी बांधून समुद्री शेवाळ पिकवा, माल आम्ही उचलू, असे कोणी सांगितले तर एक पैसाही देऊ नये. त्याला समुद्राचे खारे, वाहते पाणी लागते. शेवाळाच्या अर्काची विक्री करायची असेल तर फेब्रुवारी 2021 पासून असे अर्क खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत. तेव्हा परवाना आणि बाटलीवरचा मजकूर पाहूनच माल भरावा.

आपल्या हातात नागपूरची भट्टी, माग, जाळी आणि गल्ला आहे. समुद्र लांब आहे म्हणून त्याचा माल डोळे झाकून विकण्याची गरज नाही. येत्या रमजानला एखादे मूल दुकानात येऊन विचारील, ‘चाचा, हे कशाचे बनते?’ त्याला खरे आणि पूर्ण उत्तर देता यावे, एवढी तयारी आपण केली तरी पुरे. त्या खरेपणातच बरकत आहे. इन्शाअल्लाह.